मदत हवी आहे: एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) खटल्यात ओएसटी (हेरॉइनऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याचे) उपचार कलम ६४-अ मध्ये बसतात का?

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. चार वर्षे तो ब्राऊन शुगर (भेसळीचे हेरॉइन) घेत होता, त्यातले शेवटचे वर्ष सुईने. गेल्या पावसाळ्यात पोलिसांनी त्याला रेल्वे रुळांलगत पकडले. पंचनाम्यात ३ ग्रॅम हेरॉइन आणि एक वापरलेली सिरिंज नोंदवली असून एनडीपीएस कायद्याच्या कलम २१ आणि २७ खाली गुन्हा दाखल आहे. ५ ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन अल्प प्रमाणात मोडते, त्यामुळे शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची आहे. जामीन मिळेपर्यंत नऊ दिवस गेले आणि ते सगळे त्याने टर्कीत, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर होणाऱ्या त्रासात, काढले. तो ओकत होता, थरथरत होता आणि ‘नाटक करतोस’ असे ऐकत होता.

सध्या तो सरकारी रुग्णालयातील ओएसटी केंद्रात रोज जातो. परिचारिका ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुरडून त्याच्या जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत तो बाकावर तोंड मिटून बसतो. मी काही विचारले तर नुसती मान हलवतो. पाच महिन्यांत त्याने सुई घेतलेली नाही आणि एचआयव्हीची चाचणीही निगेटिव्ह आली आहे. त्याला या केंद्रात आणले ते वस्तीत नव्या सुया वाटणाऱ्या एका कार्यकर्त्याने, जो त्याला ‘गर्दुल्ला’ न म्हणता नावाने हाक मारत असे.

आमचे वकील म्हणतात की गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि मोकळे व्हावे. मला हे पटत नाही. कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपीने स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. मात्र उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. माझी अडचण याच ‘पूर्ण’ शब्दापाशी आहे. ओएसटी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षेही चालते. वकिलांच्या मते ही व्यसनमुक्ती नव्हे, एका नशेच्या जागी दुसरी नशा आहे. पण पूर्वी आम्ही त्याला एका खासगी केंद्रात तीन महिने बंद ठेवले होते, तेव्हा बाहेर पडल्यावर आठवड्याच्या आत तो ओठ निळे पडलेल्या अवस्थेत सापडला. सवय तुटल्यावर शरीराला पूर्वीचा डोस सोसत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला त्यानंतर समजावले. म्हणून न्यायालयाला खूश करण्यासाठी हा उपचार घाईने थांबवायला मी तयार नाही.

ओएसटी हा कलम ६४-अ खालचा उपचार आहे, असे कोणत्या न्यायालयाने मान्य केल्याचे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? अर्जासोबत केंद्राच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि रोजच्या डोसच्या नोंदी पुरतात का, की तो व्यसनी असल्याचा वेगळा वैद्यकीय पुरावा लागतो? कलम ३९ खाली न्यायालय त्याला उपचारांसाठी सोडू शकते हे मला ठाऊक आहे, पण ते दोषी ठरल्यानंतर. तो डाग मला टाळायचा आहे, कारण तो आयटीआय झालेला वायरमन आहे आणि पोलीस पडताळणीशिवाय त्याला कोणी कामावर ठेवत नाही. शिवाय या आजारात पाय पुन्हा घसरू शकतो, आणि कलम ३१ नुसार पुढच्या वेळी शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते.

२००१ साली कोकेनच्या प्रकरणात पकडलेल्या मुंबईतील एका अभिनेत्याला विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये याच कलमाचा लाभ दिला होता, तेव्हा माझ्या भावालाही तो मिळायला हवा. भावासोबत पकडलेल्या मुलाकडे ६ ग्रॅमची पुडी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळे वजन मोजले जाते, त्यामुळे पुडीत खरे हेरॉइन कितीही कमी असले तरी त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि कलम ६४-अ चे दार त्याच्यासाठी बंद आहे. त्याच्यासाठी काही मार्ग असेल तर तोही कृपया सांगावा. त्याच्या घरी फक्त आजी आहे.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील बदलून घ्यायचा असल्यास त्या तारखेआधी कोणाला भेटावे लागेल?