अनुभव धागा : त्रास दुसऱ्याचा, शाळा मुलीची बंद

वयात येणाऱ्या मुलींवर बंधनं घालताना घराघरांत एकच कारण पुढे येतं : काळजी. त्या काळजीची किंमत कुणी मोजली, ते इथे लिहूया. तुमचे स्वतःचे किंवा घरातल्या मुलींचे अनुभव सांगा. ओळख पटेल असं काही नको, आणि कृपया लिहिणारीला उपदेश नको.

परभणी जिल्हा, वय १९
गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे तालुक्याला एसटीनं. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास फुकट, त्यामुळे पैशांची अडचण नव्हती. पण संध्याकाळची गाडी चुकली किंवा उशिरा आली की स्टँडवर अंधार व्हायचा, आणि मोटारसायकलवर टपून बसलेली पोरं कायमचीच. माझ्या मैत्रिणीनं एकदा धीर करून घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. पोरांना कुणी हटकलंसुद्धा नाही. तिचं पाहून आम्ही बाकीच्या तोंड शिवून बसलो. मागून चालताना काय काय ऐकलं ते बारावी होईपर्यंत मी आईलाही बोलले नाही. मैत्रिणीचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावलं. सतरावं सरलं नव्हतं.

पुणे, वय १६
भावाच्या फोनला लॉक चालतो. माझा फोन रोज रात्री आई बघते. अकरावीला तो क्लाससाठी राजस्थानात कोट्याला गेला, माझ्या वेळी "मुलीला एवढ्या लांब कशाला?" मार्क मला जास्त आहेत.

बीड जिल्हा, शिक्षिका
आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती, फडावर न्यायचीही भीती. शिवाय उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मग लग्न उरकतात. २००६च्या कायद्यानं अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, गावात ते रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आहे. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. माझ्या वर्गातल्या एकीचं ठरल्याचं कळलं तेव्हा मी १०९८ला, मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर, फोन केला. लग्न थांबलं. मुलगी मात्र वर्गात परत आली नाही, "बोभाटा झाला" म्हणून घरीच ठेवली. लग्न थांबवल्यावर तिला शाळेत आणून बसवायचं काम कुणाचं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

ठाणे, आई
लेक शाळेकडून कबड्डी खेळायची, चांगली चढाई करायची. पाळी सुरू झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे." मी ऐकलं नाही. ती खेळतेय.

सोलापूर जिल्हा, वडील
परभणीच्या ताईंचं वाचून लिहितोय. आमच्या स्टँडवरही हेच चालायचं. आम्ही काही पालकांनी बैठक घेतली आणि आधी मुलींनाच बोलावलं, कारण कोण, कुठे, किती वाजता हे त्यांनाच ठाऊक. मग त्या मुलांच्या घरी गेलो. दोघांच्या आईवडिलांनी ऐकून घेतलं, एकाच्या घरच्यांनी आम्हालाच शिव्या घातल्या. त्या मुलाविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. आगारात निवेदन देऊन गाडी शाळा सुटण्याच्या वेळेला मागितली. त्याला वेळ लागला, तोवर आळीपाळीनं आम्ही स्टँडवर थांबलो. त्या वर्षी आमच्या गावातल्या एकाही मुलीची शाळा सुटली नाही. कुणाला आपल्या गावात हे करायचं असेल तर अर्जाचा मसुदा इथे टाकतो.