शहरात राहून गाडी चालवतानाचा संयम का सुटतो? उपाय काय?

चौथा_गिअर
गावाकडे बैलगाडीमागेही निवांत चालणारा माणूस पुण्यात दोन वर्षं राहिला की सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न दाबतो. जरा फट दिसली की गाडी घुसवतो. हे नुसत्या गर्दीमुळे, की चालवण्याच्या पद्धतीतच काही चुकतं? मॅन्युअल गिअरची गाडी आणि कोथरूड ते हिंजवडी हा रोजचा रस्ता धरून सांगा. ‘दीर्घ श्वास घ्या’ छापाचे सल्ले नकोत.

क्लचप्लेट
डोक्याआधी डावा पाय बघा. पुढच्याला चिकटून राहायचं म्हणजे दर चार फुटांना क्लच. पोटरी भरून येते आणि राग पुढच्या गाडीवर निघतो.

क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. रांगेत दीड गाडीची जागा होऊ द्या, मग पहिला टाकून क्लच पूर्ण सोडा. सपाटीवर बहुतेक गाड्या अ‍ॅक्सिलरेटर न देताही सरकतात. सिग्नलवर २० सेकंदांहून जास्त आकडा दिसला तर न्यूट्रल, हँडब्रेक, पाय खाली. दाबून धरलेल्या क्लचने रिलीज बेअरिंग झिजतं, हाफ क्लचने, म्हणजे अर्धवट दाबून ठेवल्याने, क्लचची प्लेट तापते. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट संपत आली. पेडल जड झालं असेल तर गॅरेजमध्ये आधी केबल बघायला सांगा, तेवढ्यावर भागलं तर स्वस्तात सुटाल.

पेठेतला_एकेरी_मार्ग
दीड गाडीची जागा सोडली की तिथे दोन स्कूटर आणि एक रिक्षा येऊन बसते. पुण्यात नवीन आहात का?

दुसरी_लेन
बसू द्या की. एक जण पुढे आला तर अंतर पुन्हा राखायला साधारण दोन सेकंद जातात. वीस जण घुसले तरी ४० सेकंद. मोठ्या चौकातला एक लाल दिवा याहून जास्त खातो.

१५ किलोमीटर, सरासरी ताशी २०, म्हणजे ४५ मिनिटं. दोन सिग्नलांच्या मध्ये ४० ऐवजी ५५ ने पळवली तरी पुढे रांग तीच. खरा घोळ घरीच होतो : मॅप ४५ दाखवतो म्हणून माणूस बरोबर ४५ मिनिटं आधी निघतो आणि पहिल्याच चौकात ‘उशीर’ सुरू. ६० धरा, पावसात ७५.

काचा बंद आणि एसी सतत रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) ठेवला की चार माणसांच्या श्वासाने हवा कोंदते, डोकं जड होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. आणि हॉर्न : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ प्रमाणे विनाकारण वाजवला तर पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा २,००० रुपये दंड आहे. अंमलबजावणीबद्दल वेगळा धागा काढा.

घाटमाथा
शहरात फार तर बंपर जातो. तीच सवय घेऊन गावी गेलात तर जिवावर बेततं. गाळप हंगामात सातारा-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, कित्येकांना रिफ्लेक्टरही नसतो. ट्रॅक्टरच्या आवाजात चालकाला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही आणि उसामुळे मागचं दिसत नाही. पुण्यातल्यासारखी डावीकडून काढायला गेलात आणि तो डाव्या शेतवाटेला वळला, तर मागची ट्रॉली आत कापत येते. डावीकडून काढूच नका. उजवीकडूनही, उजवा फाटा मागे पडल्याशिवाय नाही. इंडिकेटरपेक्षा त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न मात्र वाजवायचाच.

चौथा_गिअर
धन्यवाद. मग एएमटी (आपोआप गिअर बदलणारी, क्लच पेडल नसलेली गाडी) घेतली तर पायाचा प्रश्न मिटेल ना?

क्लचप्लेट
पायाचा मिटेल, प्लेटचा नाही. एएमटीत क्लच तसाच असतो, दाबायचं काम फक्त यंत्र करतं. चढावर थांबल्यावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर प्लेट तशीच जळते. ब्रेक दाबून थांबा, लांब सिग्नलला न्यूट्रल करा.