शहराच्या कला समितीवर बिनपगारी नागरिक नेमावेत का? (चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांढरी भिंत

आमच्या घराजवळच्या उड्डाणपुलाच्या खांबांवर दोन वर्षांपूर्वी वारली चित्रं काढली. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. काढणारी मुलं पंधरा दिवस उन्हात राबत होती, मी त्यांना पाणी नेऊन द्यायचो. सहा महिन्यांत पुलावरचं पावसाचं पाणी खाली आणायला एक जाड पाइप बसवला. तो नेमका तारपावाल्याच्या अंगावरून गेला, आणि पट्ट्या ठोकायची भोकं पडली ती त्याच्या छातीत. चित्राचं बिल एका खात्याने काढलं, पाइपचं दुसऱ्याने. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

माझं म्हणणं असं की प्रत्येक मोठ्या महापालिकेने नागरिकांची एक कला समिती नेमावी. चित्रकार, शिल्पकार, वास्तुरचनाकार, नाटकवाले आणि दोन-तीन साधे रसिक. पगार कुणालाच नको. पालिकेच्या पैशातून होणारा पुतळा, भित्तिचित्र, नाट्यगृहाची दुरुस्ती या समितीपुढून गेल्याशिवाय पुढे सरकू नये.

हे अशक्य नाही. दिल्लीत १९७३ च्या कायद्याने नागरी कला आयोग झाला. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीपासून तज्ज्ञांची वारसा समिती आहे. तिचा सल्ला आयुक्तांना डावलायचा असेल तर अपवाद म्हणून, कारणं लेखी नोंदवून डावलावा लागतो. कलेचा माणूस वेळेवर हाताशी असला की काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं, त्याच्या आखणीत पु. ल. देशपांडे होते.

जुना कारकून

मी बावीस वर्षं एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात काढली, समित्यांची इतिवृत्तं लिहिण्यात. तुमची तळमळ कळते, पण माझा विरोध आहे. काय होईल ते मी आत्ताच सांगतो.

आपल्या कायद्यात स्वीकृत नगरसेवक कशासाठी आहेत? महापालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. प्रत्यक्षात ती जागा म्हणजे तिकीट न मिळालेल्यांचं पुनर्वसन. दर वेळी वर्तमानपत्रात एकच बातमी येते: अमक्याची वर्णी लागली. मी ज्यांची नावं इतिवृत्तात लिहिली त्यांतल्या बहुतेकांचं विशेष ज्ञान मला बावीस वर्षांत दिसलं नाही.

विधान परिषदेचंही तेच. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणत्यांसाठी राज्यपाल बारा जणांना नेमतात. एके काळी तिथे ग. दि. माडगूळकर बसले, ना. धों. महानोर बसले. महानोरांनी तिथे शेती आणि पाणी मांडलं. पुढे काय झालं? २०२० साली पाठवलेली बारा नावांची यादी मंजूरच झाली नाही, जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नेमणूक झाली. त्यांत कवी किती, गायक किती, ते ज्याने त्याने पाहावं.

राज्याच्या सभागृहात हे होतं, तर महापालिकेच्या कला समितीवर कोण बसणार? ज्याच्या गणेश मंडळाची कमान सगळ्यात मोठी, तो.

खाडीपलीकडची

मी गेली अठरा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, मूळची साताऱ्याची. इथे शहराचं कला आयोग १९३२ पासून आहे. पंधरा सदस्य, सगळे महापौरांनी नेमलेले. म्हणजे कारकूनकाका, राजकारण इथेही आहेच. पण पंधरापैकी अकरा कलाक्षेत्रात काम करणारेच हवेत, त्यांत दोन वास्तुरचनाकार, एक उद्यानरचनाकार, असं शहराच्या सनदेतच, म्हणजे मूळ कायद्यातच, लिहिलं आहे. उरलेले चार सर्वसाधारण नागरिक. मंडळाच्या कमानीवर तिथे जागा मिळत नाही.

दुसरं म्हणजे बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि कुणीही जाऊन बोलू शकतं. मी एकदा गेले होते. माझ्या पुढे एक म्हातारी होती. हातात कागद, कागद थरथरत होता. तिच्या गल्लीतल्या बागेत बसवायच्या शिल्पाची कड मुलांच्या डोक्याला लागेल, एवढंच तिला सांगायचं होतं. दोन मिनिटं मिळाली, तिने दीड मिनिटात संपवलं. एका सदस्याने उंची विचारून लिहून घेतली. नगरपालिकेत माझ्या आईचं बोलणं असं कुणी लिहून घेतलेलं मला आठवत नाही.

आयोगाचा शब्द शेवटचा असतो असंही नाही. इथल्या सिव्हिक सेंटरमधल्या जुन्या स्मारकात एक मूळनिवासी माणूस मिशनऱ्याच्या पायाशी पडलेला दाखवला होता. २०१८ च्या मार्चमध्ये आयोगाने तो पुतळा हलवायचं एकमताने ठरवलं. एप्रिलमध्ये अपील मंडळाने ते फिरवलं. सप्टेंबरमध्ये त्याच मंडळाने आपला निर्णय बदलला आणि पुतळा निघाला. सहा महिने भांडण झालं, पण उघड झालं. चर्चेशिवाय काही उचललं नाही.

लेव्हल-फ्लॅट

मी नाटकाचा सेट लावतो. तुम्ही सगळे कोण नेमणार यावर भांडताय, मला वेगळंच विचारायचंय. बिनपगारी म्हणजे कोण येणार?

समितीची बैठक सकाळी अकराला असते. आमची बस दौऱ्यावरून पहाटे चारला येते, सामान उतरवून घरी जाईपर्यंत सहा. एक दिवस बैठकीला बसलो की एका प्रयोगाची नाईट, म्हणजे मजुरी, गेली. म्हणजे येणार ते निवृत्त, पेन्शनवाले आणि घरचं बरं असलेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण त्यांना विंगेतलं माहीत नसतं.

आमच्या भागातल्या एका नाट्यगृहाचं नूतनीकरण झालं. खुर्च्या नव्या, संगमरवर नवा, दर्शनी भागात कारंजं. आणि मागे टेम्पो लागतो तिथला चढाव काढून तीन पायऱ्या केल्या. आता आठ बाय चारची लेव्हल, म्हणजे सेटचा चौथरा, ढकलत आत नेता येत नाही, चौघांनी उचलावी लागते. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण तिसऱ्या पायरीवरून घसरला, लेव्हलची कड नडगीवर बसली. दीड महिना घरी. नकाशा पास करताना ज्येष्ठ कलावंतांना दाखवला होता म्हणे. त्यांनी मेकअपरूम आणि आरसे पाहिले असणार. मागचा दरवाजा कोण बघणार?

तुमची समिती व्हावी. पण बैठक भत्ता आणि येण्याजाण्याचं भाडं द्या, बैठक सोमवारी दुपारी ठेवा, आणि एक जागा पडद्यामागच्या माणसाची ठेवा. नाहीतर माझा विरोध समजा.

पांढरी भिंत

लेव्हल-फ्लॅट दादा, भत्त्याचं मी चुकलोच. बिनपगारी लिहिताना फुकट असं माझ्या मनात नव्हतं, पण लिहिलं मात्र तसंच. मागच्या दरवाजाचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कारकूनकाका, वर्णी लागेल म्हणून जागाच ठेवू नये, हे पटत नाही. आज पुतळ्याचा, चित्राचा निर्णय घेणाऱ्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. समिती असेल तर निदान नाव तरी कळेल.

ओली माती

मी शिल्पकार. या चर्चेतल्या बहुतेकांपेक्षा माझा विरोध मुळातून आहे, तो नीट सांगतो.

मोठ्या व्यक्तीच्या पुतळ्यासाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. म्हणजे जाणत्यांची नजर आजही आहेच. तरी मालवणच्या राजकोटावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आपण सहा फुटी नमुन्याला मान्यता दिली होती, असं संचालनालयाकडून तेव्हा सांगण्यात आलं. त्या बातमीनंतर मला दोन रात्री झोप लागली नाही. मातीचा नमुना बघणारा काय बघतो? चेहरा, अंगलट, जिरेटोप, वस्त्राच्या चुण्या. आतला सांगाडा, बोल्ट, समुद्रावरचा वारा हे मातीत दिसत नाही. उद्या तुमच्या समितीवर मी बसलो, नमुन्यावर सही केली आणि वर्षाने पुतळा पडला, तर ठेकेदार म्हणेल की समितीने पास केला होता. पगार नाही, अधिकार नाही, आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर.

दुसरी अडचण पोटाची. आमच्या शहरात मोठं काम करू शकणारे शिल्पकार बोटांवर मोजण्याइतके. सगळे एकमेकांचे गुरुबंधू, नाहीतर व्याही. मी समितीवर गेलो की पालिकेचं काम मला घेता येणार नाही, घेऊही नये. मग चांगला कारागीर समितीवर जाईल कशाला? ज्याच्याकडे काम नाही तो जाईल, आणि ज्याच्याकडे आहे त्याचं काम तो तपासेल.

तिसरी गोष्ट मनात सलते ती बोलतो. आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. तिथेही नेमलेले सदस्यच वाचतात. चित्र आणि शिल्पासाठी तसंच दुसरं दार उभं करायचं का? "हे शहराला शोभत नाही" एवढं म्हणणारे पाच जण पुरेत, नवं काही उभंच राहणार नाही.

खाडीपलीकडची

ओली माती, पोटाची अडचण इथेही आहे. सदस्यांना आपले आर्थिक हितसंबंध दर वर्षी लेखी जाहीर करावे लागतात, आणि ज्या करारात स्वतःचा फायदा आहे तो आयोगाने करायचाच नाही असा राज्याचा कायदा आहे. कलावंताला त्या काळात कामाची झळ बसतेच. म्हणून मुदत ठरलेली असावी. दोन-तीन वर्षं बसावं, उठावं आणि परत मातीत हात घालावा.

शोभत नाही म्हणणाऱ्यांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ती भीती खरी आहे.

लेव्हल-फ्लॅट

सांगाड्याचं बोललात ते बरं केलंत. मग समितीवर बांधकामाचा इंजिनिअर हवाच. आमच्या पायऱ्यांवरही त्याने हरकत घेतली असती.

जुना कारकून

माझा विरोध मी मागे घेत नाही. पण बावीस वर्षांत जे कळलं ते सांगतो, समिती कराच म्हणणाऱ्यांनी टिपून ठेवावं.

इतिवृत्तात आम्ही एकच वाक्य लिहायचो: "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मान्य." चर्चा चार मिनिटांची असली तरी तेच, कुणी तावातावाने विरोध करून उठून गेला तरी तेच. मीच लिहिलंय ते, शेकडो वेळा, आणि एकदा एका चित्रकाराने दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारलं होतं, "माझं म्हणणं कुठे आहे यात?" मला काही उत्तर देता आलं नाही.

म्हणून नियमावलीत पहिलं कलम हे घाला: कोण काय बोललं, कोण विरोधात होतं, कोणाचा हितसंबंध होता म्हणून कोण बाहेर बसलं, हे नावानिशी लिहायचं आणि आठ दिवसांत संकेतस्थळावर टाकायचं. आणि नेमणुकीसाठी जाहिरात देऊन अर्ज मागवा, आलेले सगळे अर्जही तिथेच लावा, नाकारलेल्यांचे सुद्धा. एवढं कुठली महापालिका मान्य करत असेल तर मला कळवा, पहिल्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला मी येतो. भत्ता नको.