बाळाला डेंग्यू, ताबडतोब मदत हवी

पिल्लूचीआई: बाळाची एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलीये. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, उद्या परत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. मला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेलाय, अंगावर पाजतेय. मग माझी प्रतिकारशक्ती त्याला मिळाली नाही का? लवकर सांगा प्लीज.

केतकीवन: बाळ केवढं आहे? तापाचा कितवा दिवस? शू किती वेळा झाली? औषध काय देताय?

माळरान: पपईच्या पानांचा रस द्या. माझ्या भाच्याच्या प्लेटलेट ४० हजारांवरून तीन दिवसांत दीड लाखावर गेल्या.

केतकीवन: तान्ह्या बाळाला रस? अजिबात नको. आजार ओसरला की प्लेटलेट आपोआप चढतात, पपई न देताही.

माळरान: अनुभवाचं सांगितलं. बरं, शेळीचं दूध तरी?

पिल्लूचीआई: सांगायचं राहिलं, ८ महिन्यांचा आहे. आज चौथा दिवस. सकाळपासून ताप नाही, त्यामुळे जरा हायसं वाटलं. पण नुसता पडून आहे, दोनदा ओकला. शू सकाळी एकदाच. तापासाठी मेफ्टाल दिलं होतं. प्लेटलेट ९४ हजार.

केतकीवन: ताई, आत्ता निघा. लहान मुलांच्या वॉर्डात १२ वर्षं नर्स आहे म्हणून सांगते, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी असते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, बीपी पडतं. मलूल होणं, ओकाऱ्या, शू कमी, ही सगळी धोक्याची लक्षणं. मेफ्टाल बंद, ताप आला तर पॅरासिटामॉलच, तेही वजन बघून. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पाणी झिरपलं की वाढतं) विचारा, नुसत्या प्लेटलेट बघू नका.

तुमच्या प्रश्नाचं: डेंग्यूचे ४ प्रकार. होऊन गेला त्या प्रकारापासून संरक्षण टिकतं, बाकीच्यांपासून थोडे महिनेच. तुमच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाला मिळाल्या, पण आता त्या विरत आल्या असणार. अशा अर्धवट उरलेल्या अँटीबॉडी विषाणूला पेशीत शिरायला उलट मदत करतात असं मानतात. म्हणून ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना पहिलाच डेंग्यूसुद्धा जड जाऊ शकतो. तुमच्या दुधाचा यात दोष नाही, पाजत राहा.

सह्याद्री७७: लस का देत नाहीत मुलांना?

दूरदेशी: फिलिपीन्समध्ये २०१६ला शाळेतल्या मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस दिली. आधी डेंग्यू न झालेल्यांना पुढे तो तीव्र होण्याचा धोका दिसला, २०१७ला मोहीम थांबवली.

माळरान: म्हणूनच म्हणतो, घरगुती बरं.

केतकीवन: लसीचा वेगळा धागा काढा हो! ताई, निघालात का?

पिल्लूचीआई: ॲडमिट केलंय. हात गार पडले होते. सलाईन सुरू आहे, दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघणार म्हणाले. मोठी मुलगी ५ वर्षांची आहे, तिला ताप नाही. तिचीही टेस्ट करू का?