मराठी निवेदनासाठी नैसर्गिक वाटणारं टेक्स्ट-टू-स्पीच : मदत हवी आहे

शैक्षणिक व्हिडिओंसाठी मराठी निवेदन मशीनच्या आवाजात करायचंय. साधारण दहा-दहा मिनिटांचे बारा भाग आहेत. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करणं सध्या शक्य नाही.

तीन टूल वापरून पाहिली. आवाज गोड आहेत, पहिली दोन मिनिटं फसायलाही होतं, पण 'चार' आणि 'चाक' यांतला च सगळीकडे सारखाच. 'चाक' ऐकलं की कानाला खटकतं! 1998 चं 'एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव' होतं आणि 'डॉ.' नंतर वाक्य संपल्यासारखा थांबा येतो. आकडे अक्षरी लिहिले, संक्षेप सोडवले, एसएसएमएलचे (कसं वाचायचं ते मशीनला सांगणाऱ्या खुणांचे) थांबा दाखवणारे ब्रेक टॅग टाकले, वेग 0.9 केला. आकडे सुधारले, च आणि ज यांचे उच्चार तसेच. आयपीए (उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) देऊन पाहिलं, तर आवाजाने फोनीम टॅगकडे, म्हणजे उच्चार सांगणाऱ्या खुणेकडे, चक्क दुर्लक्ष केलं.

लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून जड मॉडेल घरी चालणार नाही. पैसे द्यायची तयारी आहे, पण व्हिडिओ जाहीर प्रसिद्ध करायचेत, तेव्हा परवाना तसा हवा. हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेण्याचा सल्ला कृपया नको, ते करून झालंय.

च-ज नीट उच्चारणारा, किंवा निदान उच्चारांची यादी एकदा दिली की सगळ्या भागांत पाळणारा मराठी आवाज कुणी प्रत्यक्ष वापरलाय का?