मदत हवी आहे : मल्लांच्या लाळेचे नमुने कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी. एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी कोल्हापुरातल्या एका तालमीत काम करतेय. सराव वाढला की मल्लांची पकड आणि प्रतिकारशक्ती कशी बदलते, ते बघायचंय. पकड डायनॅमोमीटरवर मोजते, तिथे अडचण नाही. अडलंय ते लाळेतल्या आयजीए या प्रतिपिंडापाशी (जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनापाशी).

पहाटेचा सराव संपतो तेव्हा पोरांच्या तोंडाला इतकी कोरड पडलेली असते, की पाच मिनिटांत नळीचा तळसुद्धा भिजत नाही. लाळ कमी आली की आयजीए उगाच दाट दिसतं. मग दर मिनिटाला किती स्रवलं, तेच धरू का? पाणी कधी देऊ? त्यांना तहानलेलं बसवून ठेवणं जिवावर येतं.

१९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर आठवडाभरात १२.९ टक्के धावपटूंनी आजारी पडल्याचं सांगितलं, न धावलेल्यांत २.२ टक्क्यांनी, संशोधक नीमन यांचा हा अभ्यास सगळेच सांगतात. पण जोरदार व्यायामाने प्रतिकारशक्ती घटते, या समजुतीलाच २०१८मध्ये कॅम्पबेल आणि टर्नर या संशोधकांनी आव्हान दिलं. व्यायामानंतर रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी घटतात त्या मरून नव्हे, ऊतींमध्ये गस्तीला जातात म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, म्हणूनच माझी मोजणी चोख हवी.

तालमीतून लॅबपर्यंत नमुने बर्फात कुणी नेलेत का? कसे?