कर्णदाह की कर्णशोथ?

निरगाठ: मध्यकर्णाच्या जुनाट विकारावरचा लेख मराठीत आणतेय. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन अशी वनस्पतिजन्य संयुगं रोगप्रतिकारक पेशींवर काय परिणाम करतात, हा विषय. मी 'कर्णदाह' लिहिलं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'कर्णशोथ' केलं. दाह म्हणजे आग, आणि या रुग्णांचा कान वर्षानुवर्षं वाहतो, पण बहुधा दुखतही नाही, असं त्यांचं म्हणणं. काय ठेवू?

पिंपळपान: दाहच. आंत्रपुच्छदाह, फुफ्फुसदाह रुळलेत की! प्राचीन रोमन लेखक सेल्ससने दाहाची लाली, सूज, उष्णता, वेदना अशी चार लक्षणं सांगितली. शोथ म्हणजे त्यातली एकटी सूज.

अक्षरा: एकटी सूज कशी? सुश्रुतसंहितेत शोथाच्या आम, पच्यमान, पक्व अशा अवस्था आहेत. म्हणजे पिकण्याची सगळी प्रक्रिया त्यात येते. शोथच योग्य.

रानवारा: हे दोन्ही शब्द रुग्णाला कळणार आहेत का? सरळ 'कान फुटणे' लिहा.

अक्षरा: फुटणे म्हणजे पडदा फाटणे. पू येतो ते 'वाहणे'.

रानवारा: मुळीच नाही. आमच्या घरी पडद्याचं कुणाला ठाऊकही नव्हतं. पू दिसला की कान फुटला.

निरगाठ: आणखी एक अडचण. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना 'महाभक्षी पेशी' केलंय. पण लेखात त्या दाह वाढवणाऱ्या रूपातून ऊती सांधणाऱ्या रूपाकडे वळतात. 'भक्षी'त ते येत नाही.

पिंपळपान: शास्त्रज्ञ मेचनिकॉफने 1882 मध्ये तारामाशाच्या डिंभकाला (अळीला) काटा टोचला, तेव्हा भोवती जमलेल्या पेशी गिळणाऱ्याच दिसल्या. नाव तिथून आलं, ते राहू द्या.

निरगाठ: राहू देते. पण तपासणाऱ्यांनी 'कर्क्युमिन'च्या जागी 'हळद' केलंय, ते मी परत बदलणार. प्रयोगशाळेत कर्क्युमिन पेशींमधला एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा संकेत दाबतं. पण म्हणून काही हळदीचं तेल कानात घालायचं नसतं. पडद्याला भोक असेल तर ते थेट मध्यकर्णातल्या नाजूक हाडांपर्यंत जातं. एका शब्दाने वाचकाचा कान बिघडायला नको.

अक्षरा: शंभर टक्के. इथे शुद्ध मराठीचा आग्रह नकोच.

पिंपळपान: मग दाहालाच का नको म्हणता?

रानवारा: आत्ता आईला विचारलं. पू आला तर 'फुटला', नुसतं पाणी आलं तर 'वाहतोय', असं ती म्हणते. तुमच्याकडे हा फरक करतात का?